भनपुरीच्या शाळेतली दुभाषी

ते पत्र मीच वाचून दाखवलं होतं, त्यामुळे चूक सर्वस्वी माझी होती.

रायपूर राजधानी होऊन थोडेच दिवस झाले होते. गावात जिकडे पाहावं तिकडे पेंटर शिड्यांवर चढलेले, पाट्यांवरचं मध्यप्रदेश पुसून छत्तीसगढ लिहीत. मंत्रालय एका जुन्या इस्पितळाच्या इमारतीत भरत होतं. बाबा रेल्वेच्या ऑफिसातून रोज एक नवी बातमी आणत: आज काय म्हणे मोठा पूल होणार, उद्या काय म्हणे विमानं वाढणार. आम्ही ब्राह्मणपाऱ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. मी इंग्रजी घेऊन एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होते, आणि खरं सांगायचं तर तोवर एकाही माणसाशी पाच मिनिटं इंग्रजीत बोलले नव्हते. कॉलेजात सरसुद्धा नाटक हिंदीतून समजावत.

अशात एका रविवारी बाबांच्या ऑफिसातले काका घरी आले. मूळचे वर्ध्याचे. भनपुरीला मूकबधिर मुलांची एक निवासी शाळा होती, तिच्या समितीवर ते होते. त्यांच्या हातात परदेशी तिकिटाचं पाकीट होतं.

"वहिनी, तुमची पोट्टी इंग्रजीत एम.ए. करून राहिली ना? मंग तिले म्हणा, हे वाचून सांग."

पत्र फिनलंडहून आलं होतं. एका बाईंना तीन महिने येऊन शाळेत शिकवायचं होतं, पगार नको, राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण पुरे. पत्राच्या दुसऱ्याच ओळीत होतं, 'आय ॲम अ डेफ टीचर.' मी आत्मविश्वासाने सांगितलं, "त्या बहिऱ्या मुलांच्या शिक्षिका आहेत, काका." काकांनी मान डोलावली. मग मलाच विचारलं, त्या आल्या की त्यांच्याशी इंग्रजीत बोलायला रोज शाळेत येशील का. मी आईकडे पाहिलंसुद्धा नाही, हो म्हणून मोकळी झाले.

पुढचा महिना मी हवेत होते. रेडिओवरच्या इंग्रजी बातम्या आरशासमोर उभी राहून परत म्हणायची. सदर बाजारात जाऊन एक नवी ओढणी आणि दोनशे पानी वही आणली. आई म्हणाली, "नीट बोलजो. एवढं शिकवलं, अडखळू नको." तीन वाक्यं तर मी अशी घोटली होती की झोपेतून उठवलं असतं तरी म्हणाले असते. रायपुरात आपलं स्वागत असो. प्रवास सुखाचा झाला ना. आपल्याबरोबर काम करायला मिळणं हा माझा सन्मान आहे.

गाडी सकाळी नागपूरकडून आली. डब्यातून पाहुण्या बाई उतरल्या. पन्नाशीच्या आसपास, उंच, करडे केस मुलांसारखे कापलेले, पाठीवर भलीमोठी पिशवी. मी पुढे झाले आणि पहिलं वाक्य म्हटलं. त्या माझ्या ओठांकडे टक लावून पाहत राहिल्या, हसल्या, आणि कानाकडे बोट नेऊन त्यांनी मान हलवली. मला वाटलं, गाडीचा आवाज. मी तेच वाक्य मोठ्याने म्हटलं. त्यांनी पुन्हा मान हलवली. मग मी असं ओरडले की दोन हमाल सामान खाली ठेवून आमच्याकडे पाहायला लागले.

पाहुण्या बाईंनी खिशातून एक छोटी वही काढली, पेन्सिलीने काहीतरी लिहिलं आणि माझ्यासमोर धरलं. मी ते दोनदा वाचलं.

"काय म्हणते?" काकांनी विचारलं.

"काका, त्यांना ऐकू येत नाही."

"कोणाले?"

"यांनाच. त्या स्वतः बहिऱ्या आहेत. पत्रात तसंच लिहिलं होतं म्हणतात."

काकांनी ती वही आपल्या हातात घेऊन पाहिली. मग म्हणाले, "मंग तू काय करशील?"

भनपुरीपर्यंत मी जीपमध्ये मागच्या बाकावर बसले होते आणि माझी घोटलेली तीन वाक्यं वाया गेली होती. पाहुण्या बाई मात्र खिडकीतून बाहेर डोकं काढून सगळं पाहत होत्या. एका ट्रकवर भाताच्या पोत्यांचा डोंगर पाहून त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली आणि तिकडे बोट दाखवलं. मी वहीत लिहिलं, 'राइस.' त्यांनी खाली लिहिलं, 'डोळे आहेत मला.' मग त्या मोठ्याने हसल्या. ते हसू मला फार आवडलं. आपली फजिती झाली आहे हे मी त्या हसण्यातच थोडंसं विसरले.

शाळा ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या मागे होती. पुढे मुरमाचं अंगण, मागे पत्र्याच्या छपराचं वसतिगृह, चाळीसेक मुलं. काहींचे आईबाप दिवाळीला, होळीला न्यायला येत. काहींना लहानपणी कोणीतरी फाटकाशी सोडून गेलं होतं, ते परत आलंच नव्हतं. शाळेच्या मोठ्या मॅडम वीस वर्षांपासून तिथे होत्या. त्यांची पद्धत कडक होती. मुलांनी बोलायला शिकायचं, ओठ वाचायचे. हातांनी खुणा करायच्या नाहीत. वर्गात मुलं हात मांड्यांखाली दाबून बसत.

आम्ही पोचलो तेव्हा नाश्त्याची वेळ होती. मुलं थाळ्या घेऊन रांगेत उभी, आणि आया मोठ्या पातेल्यातून पोहे वाढत होती. परदेशी बाई पाहून सगळी रांग थिजली. पाहुण्या बाई सरळ रांगेजवळ गेल्या, पहिल्या मुलीसमोर गुडघ्यांवर बसल्या. नऊ-दहा वर्षांची पोर, दोन वेण्यांना लाल रिबिनी. बाईंनी तिच्या कानाकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या कानाकडे, आणि दोन्हीकडे मान हलवली. तुला नाही, मलाही नाही.

रिबिनवालीने विश्वास ठेवला नाही. तिने बाईंचे केस बाजूला करून दोन्ही कान तपासले, मशीन वगैरे लपवलं आहे का. मशीन नव्हतं. मग तिने थोडा विचार केला, आयाच्या हातातला झारा काढून घेतला, बाईंच्या पाठीमागे गेली आणि पातेल्याच्या झाकणावर सगळा जोर लावून हाणला.

मी दचकले. काका दचकले. मोठ्या मॅडम ऑफिसातून धावत बाहेर आल्या. पाहुण्या बाई पोह्यांकडे पाहत होत्या.

तिने पुन्हा हाणला. बाई तशाच. आता तिने आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं, बाईंच्या पाठीकडे पाहिलं, आणि झारा खाली टाकून ती रांगेकडे वळली. तिने दोन्ही हातांनी काय सांगितलं ते मला तेव्हा कळलं नाही, पण चाळीस पोरांना कळलं. रांग मोडली. थाळ्या खाली पडल्या. पोरं बाईंवर तुटून पडली. कोणी कान ओढून पाहत होतं, कोणी पायांना मिठी मारली होती, कोणी आनंदाने ओरडत होतं, आणि तो आवाज फक्त आम्हा ऐकणाऱ्या चौघांनाच ऐकू येत होता. इतक्या हातांना एकदम हलताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. मांड्यांखालचे हात एकदम सुटले होते.

"ये क्या हो रहा है," मोठ्या मॅडम मला म्हणाल्या. "हमने टीचर माँगी थी."

"टीचरच आहेत मॅडम," मी घाईत मराठीतच बोलून गेले.

अर्ध्या तासात त्यांच्या गप्पा रंगल्या. मी नवी वही छातीशी धरून उभी होते आणि मला कोणी काही विचारत नव्हतं. बाईंनी विमान केलं, बर्फ केला, थंडीने कुडकुडणं केलं. एका मुलाने आपल्याला सायकल चालवता येते हे सांगितलं. दुसऱ्याने तो खोटं बोलतो हे सांगितलं. गोदामाकडून एक ट्रक आला तसे सगळ्यांनी एकदम पायांकडे पाहिलं, आणि रिबिनवालीने बाईंना समजावलं की हा भरलेला आहे, रिकामा असता तर जमीन वेगळी हलली असती. हे वाक्य मला दिसलं. म्हणजे खरंच, डोळ्यांनी समजलं.

मग तिने आणखी एक प्रश्न विचारला, आणि तो बाईंना समजेना. तिने हात जमिनीजवळ धरला, थोडा वर, आणखी वर, असा बाईंच्या उंचीपर्यंत नेला. मग कानाला हात लावून तळवा उघडला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार. पण आयाने झारा धुता धुता सांगितलं, "दीदी, ये लइका मन सोचथें, बड़े होही त सुनाही."

म्हणजे मोठं झालं की ऐकू यायला लागतं, असं या मुलांना वाटत होतं. का नाही वाटणार? त्यांनी पाहिलेला प्रत्येक मोठा माणूस ऐकत होता. बहिरी फक्त पोरंच असतात, दुधाचे दात पडतात तसा एक दिवस बहिरेपणाही पडतो. इतकी वर्षं त्यांना वेगळं काही सांगायला कोणाला सुचलं नव्हतं. आणि आता समोर पन्नास वर्षांची बाई होती, उंच, केस पिकलेले, आणि तिला झाकणाचा आवाज ऐकू येत नव्हता.

मी ते बाईंना लिहून दिलं. त्यांनी ते वाचून वही माझ्या हातात परत दिली. मग त्यांनी रिबिनवालीसमोर हात जमिनीपाशी धरला, कानाला लावून नाही म्हटलं. थोडा वर, नाही. आणखी वर, नाही. स्वतःच्या डोक्यापर्यंत, नाही. पण तिथेच त्या थांबल्या नाहीत. त्यांनी अंगठी दाखवली, लग्न. पोटावरून हात फिरवला, दोन मुलं. गाडीचं चाक धरून फिरवलं. चष्मा नाकावर ओढून जाड पुस्तक वाचलं. फळ्यावर लिहिलं, शिकवलं. हे सगळं मी, अशीच.

रिबिनवाली हे सांगायला सगळ्या अंगणभर पळत सुटली. फक्त वरच्या वर्गातली एक मुलगी, सोळा-सतरा वर्षांची, वसतिगृहाच्या पायरीवर जाऊन बसली. ती शाळेतली सगळ्यात मोठी. इतरांना वाट पाहायला अजून खूप वर्षं होती. तिची वाट पाहून संपत आली असणार. त्या दिवशी ती जेवायलाही उठली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ती फाटकाशी उभी होती, आणि बाई दिसताच तिने एकामागून एक असे प्रश्न विचारले की बाईंनी शेवटी हात जोडले.

मोठ्या मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. "इनको बता दो, यहाँ इशारे नहीं चलते. एक बार हाथ खुल गए तो कोई बच्चा मुँह नहीं खोलेगा."

ते मी लिहून दिलं. मॅडमचा राग मला तेव्हा नुसता हट्ट वाटला, पण पुढे त्यांचा वर्ग पाहिला. मुलाच्या ओठांसमोर कागदाची पट्टी धरायच्या आणि तो 'प' म्हणेपर्यंत, पट्टी हलेपर्यंत, तासन् तास बसायच्या. मुलाचा हात आपल्या गळ्यावर ठेवून त्याला आवाजाची थरथर दाखवायच्या. रिबिनवालीला 'पानी' म्हणायला आठ महिने लागले होते. आठ महिने त्या रोज तिच्यासमोर बसल्या होत्या. अशा बाईला कोणी येऊन हात मोकळे सोडा म्हटलं, तर ती चिडणारच.

पाहुण्या बाईंनी वहीवर एकच शब्द लिहिला. 'दुपारी?'

मॅडमनी तो वाचला. जेवणानंतर मुलं पेंगत असत, त्या दोन तासांचं त्यांना तसंही काही करता येत नव्हतं. "ठीक है," त्या म्हणाल्या. "दोपहर आपकी."

त्या दुपारच्या दोन तासांसाठी मी सकाळपासून अधीर असायची. टेम्पोतून उतरून गोदामांमधून अक्षरशः पळत जायची. बाई मला म्हणाल्या होत्या, म्हणजे लिहिलं होतं, की या मुलांची आपली एक भाषा आधीच आहे, वसतिगृहात लपून वाढलेली. आधी ती मी शिकणार, असं त्यांचं म्हणणं. दिल्लीला महिनाभर राहून त्या इथल्या बहिऱ्या लोकांच्या खुणाही शिकून आल्या होत्या. दोन्ही जोडून त्या शिकवत. नुसते शब्द नाही. काल आणि उद्या, का आणि कशामुळे, मला वाटतं आणि मला माहीत आहे. एका मुलाला 'उद्या' कळला त्या दिवशी तो दिवसभर भेटेल त्याला 'उद्या, उद्या' करत हिंडला. त्याला उद्या काय करायचं होतं, हे विचारलं तर काहीच नाही. नुसता उद्या आहे, याचाच त्याला आनंद.

आणि माझं इंग्रजी? ते सगळं वहीत चाललं. बाईंचं इंग्रजीही शाळेत शिकलेलंच होतं, क्रियापदं हवी तिथे टाकत. पहिल्या आठवड्यात मी त्यांची चूक मनातल्या मनात सुधारली आणि माझी भीती गेली. दोनशे पानं पंधरवड्यात भरली.

खुणांच्या बाबतीत मात्र मी वर्गातली सगळ्यात ढ विद्यार्थिनी. माझी बोटं वळायची नाहीत, आणि खुणा करताना मी तोंड चालवत राहायची. मुलांमध्ये प्रत्येकाला एक खूण असे, नावाच्या जागी. रिबिनवालीची खूण वेणीला गाठ. पाहुण्या बाईंना पहिल्याच दिवशी झाकणावर झारा मिळाला होता. मोठ्या मॅडमची, त्यांना कधी कळली नाही ती, ओठांसमोर हलणारी कागदाची पट्टी. एका दुपारी मुलं एकमेकांना कोपरखळ्या मारत होती. मी विचारलं काय झालं. पायरीवर बसलेली ती मोठी मुलगी पुढे आली आणि तिने ओठांजवळ चार बोटं आणि अंगठा बदकाच्या चोचीसारखे भराभर उघडले, मिटले. ही मी. जिचं तोंड सारखं चालू असतं ती.

घरी येऊन सांगितलं तर आई म्हणाली, "बरोबरच ओळखलं पोट्ट्यायनं."

बाबा जेवता जेवता थांबले. "तू हात काहून हालवून राहिली? आम्हाले ऐकू येते."

मला कळलंच नव्हतं. मी डाळ मागताना हाताने डाळ म्हटली होती.

दुसरा महिना संपत आला तेव्हा बाईंनी मुलांना सदर बाजारात न्यायचं ठरवलं. काही विकत घ्यायचं, स्वतः मागून घ्यायचं. मोठ्या मॅडमनी आधी नाही म्हटलं, मग म्हणाल्या, मी पण येते, एखादं हरवलं तर. बारा मुलं निवडली, मेटाडोर केली. सोनाराच्या दुकानांसमोरून, स्कूटरींमधून, आम्ही एकमेकांचे हात धरून निघालो तर सगळा बाजार बघायला लागला. मुलांना त्याचं काही नव्हतं, ती बाजाराला बघत होती. मोठ्या मुलीने रांगेचा ताबा घेतला होता. एक पाय आपटून ती सगळ्यांना थांबवायची, हात उंच करून पुढे न्यायची.

कोपऱ्यावर गुपचुपचा ठेला होता. नागपूरकडे आपण पाणीपुरी म्हणतो ते. रिबिनवाली सगळ्यांत पुढे. ठेलेवाल्याने विचारलं, "तीखा या मीठा?" आणि तिने मॅडमकडे एकदा पाहून तोंड उघडलं. "प्.. आ.. नी."

"क्या?"

तिने पुन्हा म्हटलं. त्याला समजेना. तो माझ्याकडे पाहायला लागला, मी तोंड उघडणार एवढ्यात मोठ्या मुलीने माझा दंड धरला. रिबिनवालीने हात वर केला. हाताने पाणी दाखवलं, जीभ बाहेर काढून तिखटाने फुफ्फू केलं, आणि बोटांनी जरासं. जास्त नाही, जरासं तिखट.

ठेलेवाला हसला, बरोबर तेवढंच घातलं, आणि मग मोठ्या मॅडमकडे वळून म्हणाला, "मैडम, ये पानी बोल रही थी न? हाथ देखा तब मुँह का भी समझ आ गया."

दहा मिनिटांत तो ठेलेवाला बाराही जणांशी हातांनी बोलत होता, कोणाला आणखी एक, कोणाला बस, कोणाला रडू येईल इतकं तिखट. परत येताना मेटाडोरमध्ये मॅडम माझ्या शेजारी होत्या. मध्येच म्हणाल्या, "आठ महीने." मग पुन्हा म्हणाल्या, "समझ तो गया वो." त्यांना वाईट वाटत होतं की बरं, मला ठरवता आलं नाही. वर्गात त्यांनी स्वतः कधी खूण केली नाही. पण त्या दिवसानंतर हात मांड्यांखाली ठेवा, हे सांगणं बंद झालं. पट्टीही चालू राहिली.

तीन महिने भुर्रकन गेले. बाईंना जायचं होतं, हे त्या पहिल्या आठवड्यापासून सांगत होत्या, आणि मी ते वाचून पान उलटत होते. त्यांनी मात्र तेव्हापासूनच तयारी चालवली होती. मोठ्या मुलीला त्या रोज दुपारनंतर तासभर वेगळं घेऊन बसत. मला वाटायचं गप्पा मारतात. शेवटच्या सोमवारी मोठ्या मॅडमनी ऑफिसात विचारलं, "अब दोपहर का पीरियड कौन लेगा?" आणि माझ्याकडे पाहिलं. मी घाबरून पाहुण्या बाईंकडे पाहिलं. त्यांनी खिडकीतून अंगणात बोट दाखवलं. मोठी मुलगी तिथे आठ-दहा पोरांना बसवून कालची गोष्ट सांगत होती.

"वो?" मॅडम म्हणाल्या. "वो तो खुद..." आणि मध्येच थांबल्या. थोडा वेळ अंगणात बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हव, ले सकती है."

बाई गेल्या. स्टेशनवर चाळीस मुलांनी हात वर करून हलवले, आणि या वेळी हमाल सामान खाली ठेवून पाहत राहिले तर मला त्याचा अभिमान वाटला. मी कॉलेज सांभाळून शाळेत जात राहिले. आता दुभाष्याची गरज उरली नव्हती, पण कोणी येऊ नको म्हटलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीला मोठ्या मुलीचे वडील तिला न्यायला आले. महासमुंदकडच्या एका खेड्यातले, खांद्यावर गमछा, हातात कापडी पिशवी. दुपारचा तास चालू होता. ते दारात उभे राहिले. आत त्यांची मुलगी फळ्यासमोर होती, वीस पोरं तिच्याकडे पाहत होती, आणि ती काहीतरी सांगत होती ज्यावर सगळी एकदम हसली. वडील हसले नाहीत. त्यांना कळलंच नव्हतं ना. ते मला म्हणाले, "का कहिस?"

मी सांगितलं. एक माकड होतं, त्याला वाटलं आरशात दुसरं माकड आहे.

"ये ह अइसन गोठियाथे?" ही अशी बोलते?

"हव. रोज."

तास संपला. मुलगी बाहेर आली, वडिलांच्या पाया पडली, आणि दोघं एकमेकांसमोर उभे राहिले, जसे ते सतरा वर्षं राहिले असतील. ये, जेव, चल, एवढ्याच खुणा त्यांच्या घरात होत्या. वडिलांनी गमछ्याने तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळले. "नोनी, तैं ओकर गोठ समझथस?" म्हणजे, तुला तिचं बोलणं समजतं का.

मी हो म्हटलं. तीन महिने दुभाषी म्हणून वावरले, पण ते काम पहिल्यांदा आत्ता समोर आलं होतं.

"त पूछ," ते म्हणाले, "नान्हेपन म रोज संझा के रोवय. काबर रोवय?"

लहान असताना ती रोज संध्याकाळी रडायची. का रडायची? इतकी वर्षं हा प्रश्न त्यांनी मनात ठेवला होता. मी तो हातांनी मांडला. दोनदा चुकले, मुलीने माझी बोटं धरून सरळ केली. मग तिला कळलं. तिने वडिलांकडे पाहिलं आणि सावकाश, मला समजेल असं, उत्तर दिलं.

मी ते मोठ्याने सांगितलं. "ती म्हणते, म्हणजे कहथे, संध्याकाळी घरात अंधार व्हायचा. अंधार झाला की तुमचे चेहरे दिसायचे नाहीत. तिला वाटायचं, तुम्ही सगळे तिला सोडून निघून गेलात."

माझ्या त्या खिचडी भाषेतून ते त्यांच्यापर्यंत कसं पोचलं कोण जाणे, पण पोचलं. ते पायरीवर बसले. आयाने पाणी आणून दिलं, ते त्यांनी प्यायलं नाही.

"बताय रतिस त कंडिल बार देतेंव," ते म्हणाले. सांगितलं असतंस तर कंदील लावला असता. "रात भर बार देतेंव."

ते मी मुलीला सांगितलं. ती हसली, आणि तिने वडिलांच्या शेजारी बसून त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

मला वाटलं, झालं. पण वडिलांनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि पुन्हा मला बोलावलं. "अउ पूछ." अजून विचार. पूछ, भात आवडतो का भाकरी. पूछ, धाकट्या भावाशी भांडण कशावरून झालं होतं. पूछ, ती लाल बकरी विकली तेव्हा तीन दिवस जेवली नाहीस, ती तुला आवडायची का. मुलगीही मागे हटेना. आजी मेली तेव्हा तिला कुठे नेलं, मामा घरी यायचा का बंद झाला, आई कोणावर रागावते. प्रश्न दोन्हीकडून येत होते आणि मी मध्ये बसून हात आणि तोंड दोन्ही चालवत होते. घामाघूम झाले होते, ओढणी कुठे पडली ते कळलं नव्हतं. रिबिनवाली आणि इतर पोरं भोवती गोळा झाली होती आणि माझं कुठे चुकलं की आठ-दहा हात एकदम दुरुस्ती करत होते.

महासमुंदची शेवटची बस निघून गेली. आयाने येऊन सांगितलं तर वडील म्हणाले, "कल जाबो," आणि माझ्याकडे वळून, "अउ पूछ."